शिक्कामोर्तब की दस्तुरखुद्द?

चार्ल्स हॅमिल्टन हे न्यू यॉर्कमधले स्वाक्षऱ्यांचे नावाजलेले व्यापारी. त्यांचं ‘द रोबॉट दॅट हेल्प्ड टू मेक अ प्रेसिडेंट’ हे छोटेखानी पुस्तक १९६५ साली आलं. केनेडींच्या हत्येला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती आणि त्यांची सही असलेल्या प्रत्येक कागदाला गिऱ्हाईक होतं. अशा वेळी हॅमिल्टननी एक अडचणीचा प्रश्न विचारला. केनेडींच्या नावाने लोकांच्या घरी गेलेल्या पत्रांपैकी कोणत्या पत्रांवरची सही खरोखर केनेडींच्या हातची आहे?

उत्तर अनेकांचा हिरमोड करणारं होतं. बऱ्याच सह्या सचिवांनी केलेल्या होत्या आणि बऱ्याच ‘ऑटोपेन’ने. ऑटोपेन म्हणजे सहीचा साचा बसवलेलं यंत्र. साच्याच्या कडेने यंत्राचा हात फिरतो आणि त्यात अडकवलेलं पेन कागदावर सही उमटवतं. शाई खरी, पेन खरं, कागदही कार्यालयाचाच. त्यामुळे छापील सही जशी भिंगाखाली लगेच पकडली जाते, तशी ही पकडली जात नाही.

ती पकडण्याची युक्ती मात्र साधी आहे. कुठलाही माणूस आपलीच सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. घाई असते, पेन अडतं, मन दुसरीकडे असतं. दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या आणि त्या रेघेला रेघ जुळल्या, तर त्या माणसाच्या नव्हेत. म्हणजे चूक हा खरेपणाचा पुरावा आणि अचूकपणा हा खोटेपणाचा! शेकडो नमुने शेजारी शेजारी मांडून फरक शोधण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत, अशा आम्हा संशोधक मंडळींना हॅमिल्टनची ही चिकाटी भावल्याशिवाय राहत नाही.

माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे. कोणती सही हाताची आणि कोणती यंत्राची, हे सांगता सांगता पुस्तक न बोलता एक निवाडाही देऊन टाकतं: हाताची ती खरी, बाकीची खोटी. बाजाराला हा निवाडा सोयीचा असतो, कारण दर ठरवायला स्पष्ट रेघ लागते. पण ‘कोणाच्या हाताने?’ आणि ‘कोणाच्या अधिकाराने?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि संग्राहकांच्या जगात पहिल्याने दुसरा गिळून टाकला आहे.

आपल्या भाषेने हे दोन प्रश्न फार पूर्वी वेगळे केले होते. मराठेशाहीतलं सरकारी पत्र कारकून मोडीत लिहायचा. माथ्यावर मुद्रा उमटायची आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी ओळी घुसडायला नकोत. त्या पत्रात धन्याच्या हाताचं एकही अक्षर नसलं, तरी ते धन्याचंच. ‘शिक्कामोर्तब होणं’ हा शब्द आपण आजही मतपेटीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत वापरतो, तो याच व्यवहारातून आला. धन्याने स्वतः लेखणी धरली असेल, तर त्यासाठी वेगळा शब्द होता: दस्तुरखुद्द. एक शब्द अधिकार सांगतो, दुसरा हात सांगतो.

अमेरिकेतही ही फारकत जुनीच आहे. सरकारी जमिनीच्या सनदांवर राष्ट्राध्यक्षाने स्वतः सही करायची, अशी सुरुवातीला पद्धत होती. पश्चिमेकडे जमिनींची वाटणी वाढली तसे कागदांचे ढीग साचले. शेवटी अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत, १८३३ साली, राष्ट्राध्यक्षाच्या वतीने या सनदांवर सही करायला सचिव नेमण्याची काँग्रेसने कायद्यानेच मुभा दिली. त्यानंतरच्या सनदांवर नाव राष्ट्राध्यक्षाचं आणि अक्षर सचिवाचं. अशी एखादी सनद घरच्या ट्रंकेत सापडली की लोक हरखून ती विकायला नेतात आणि ‘सही सचिवाची आहे’ हे ऐकून हिरमुसले होऊन परततात. पण ज्या कुटुंबाने त्या कागदाच्या जोरावर जमीन कसली, त्याच्यासाठी ती सनद पुरेपूर खरी होती. जमीन मिळाली ती अक्षरामुळे नाही, अधिकारामुळे.

मग हाताला काहीच मोल नाही का? आहे, आणि इथे हॅमिल्टनची बाजू भक्कम होते. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही करायला बसले, तेव्हा नववर्षाच्या स्वागत समारंभात कित्येक तास हस्तांदोलन करून त्यांचा हात आखडला होता. हात थरथरला तर पुढे लोक म्हणतील की हा कचरला, अशी काळजी त्यांनी बोलून दाखवली. मग नेहमीचं ‘ए. लिंकन’ न लिहिता त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. आपल्या सहीची रेघ पुढच्या पिढ्या वाचणार आहेत, हे त्या माणसाला ठाऊक होतं. तिथे साचा चालला नसता.

त्याच जाहीरनाम्याच्या प्रतींची पुढची हकिकत बघा. १८६४ साली फिलाडेल्फियात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली. तिच्यासाठी जाहीरनाम्याच्या ४८ प्रती छापल्या, त्यांवर लिंकननी सह्या केल्या आणि एकेक प्रत १० डॉलरला विकायला ठेवली. त्यांपैकी रॉबर्ट केनेडींकडे असलेली प्रत २०१० साली लिलावात ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. मजकूर छापील, हात फक्त सहीपुरता. उलट लिंकननी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अंतिम मसुदा अशाच एका मदतकार्यासाठी शिकागोला दिला गेला आणि १८७१च्या आगीत जळाला. जाहीरनामा मात्र त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही. मोर्तब झालं होतं.

मला वाटतं, हात कुठे हवा आणि कुठे नको याची कसोटी कागदाच्या कामात आहे. २००४च्या डिसेंबरात अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना कबूल करावं लागलं, की युद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी जाणाऱ्या सांत्वनपत्रांवर त्यांची सही यंत्र करत होतं. यापुढे प्रत्येक पत्रावर आपण स्वतः सही करू, असं त्यांनी सांगितलं. त्या आईबापांचा संताप बाजारभावासाठी नव्हता. सांत्वनपत्राने कुठला हक्क मिळत नाही, जमीन मिळत नाही. ते पत्र एवढंच सांगतं, की तुमच्या मुलाच्या नावापाशी कोणीतरी क्षणभर थांबलं. यंत्राने सही केली, तर थांबलंच कोणी नाही. तिथे दस्तुरखुद्दच हवं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण २०११चं. एका कायद्याची मुदत मध्यरात्री संपत होती आणि ओबामा फ्रान्समध्ये होते. त्यांच्या आदेशावरून वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेनने विधेयकावर सही झाली. असं करता येतं, असा अभिप्राय न्याय खात्याने २००५ सालीच देऊन ठेवला होता. २०२५ साली बायडेन यांच्या माफीपत्रांवरच्या यंत्राच्या सहीवरून ट्रम्प यांनी ती माफीपत्रं रद्दबातल असल्याचा दावा केला, तेव्हा तो वाद मला ओळखीचा वाटला. राजकारणातली बाजू कुठलीही घ्या, तिथला नेमका प्रश्न ‘निर्णय कोणाचा होता?’ हा आहे. लोकांनी मात्र भिंग उचलून शाई तपासायला सुरुवात केली. संग्राहकाची कसोटी नागरिकाने जशीच्या तशी उचलली.

बाजाराची कसोटी दुसऱ्या बाजूनेही नुकसान करते. हाताचा स्पर्श तेवढा मोलाचा मानला, की बाकीचा कागद रद्दी होतो. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी लोकांनी जुन्या पत्रांच्या तळची सही कात्रीने कापून वहीत चिकटवली आणि पत्र फेकून दिलं. अशी कात्रणं आजही लिलावात येतात. त्या चिटोऱ्यावर राष्ट्राध्यक्षाचा हात शाबूत असतो, पण तो कशासाठी उचलला होता, हे कायमचं गेलेलं असतं. हाताने लिहिलेलं आणि मजकूर असलेलं अख्खं पत्र आज जास्त किमतीला जातं, एवढं शहाणपण बाजाराला आलं आहे खरं. उशिराच आलं.

हॅमिल्टनचं पुस्तक म्हणून जरूर वाचावं, डोळा तयार करायला त्याच्यासारखं दुसरं नाही. फक्त त्याचा निवाडा उचलू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, नागरिकत्वाच्या शपथविधीत मिळालेल्या पाकिटात राष्ट्राध्यक्षांचं स्वागतपत्र असतं. त्यावरची सही छापील असते आणि संग्राहकाच्या लेखी त्या कागदाला कवडीची किंमत नाही. वर्षानुवर्षं रांगेत काढलेल्या माणसासाठी त्या दिवसाचा खरा कागद नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हा असतो, आणि त्यावर सही असते ती त्याची स्वतःची. ती मात्र दस्तुरखुद्द करावी लागते.