युक्ती आणि माप

यंत्रदुरुस्तीच्या पुस्तकाचा साहित्य म्हणून विचार करावा काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, जे पुस्तक वाचकाच्या हातांना नवी समज देते आणि ती देताना भाषेचाही कस लावते, त्यास साहित्याच्या उंबरठ्याबाहेर उभे करण्याचे कारण नाही. जॉन म्यूर यांचे ‘हाऊ टु कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ हे 1969 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पुस्तक या जातीचे आहे. (निसर्गसंरक्षणाच्या कार्यामुळे विख्यात झालेले जॉन म्यूर ते हे नव्हेत.) जुन्या मोटारी जिवापाड सांभाळणाऱ्या मंडळींत त्याचा बोलबाला आजही आहे. त्याचे गुणदोष पाहता पाहता घरगुती हत्यारे आणि कारागिरीच्या युक्त्या यांचे खरे मोल कशात असते, याचाही विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

पुस्तकाचा विषय म्हणजे जर्मनीत जन्मलेली ‘बीटल’ ही मोटार. इंजिन मागे, त्याला पाण्याऐवजी वाऱ्याने थंड ठेवण्याची योजना, आणि सारी रचना इतकी सुटसुटीत की बेताच्या हत्यारांनी बरेचसे काम घरी व्हावे. या मोटारीचे अखेरचे उत्पादन 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले. तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. म्यूर हे शिक्षणाने व व्यवसायाने अभियंता. त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलेला वाचक मात्र वेगळा: जुनी गाडी स्वस्तात घेतलेला, गॅरेजचे बिल न परवडणारा, आणि पाना कोणत्या हाती धरावा हेही ठाऊक नसलेला. अशा वाचकाला ते आरंभीच धीर देतात. पुढे प्रत्येक कामाची आखणी ठरलेली असते: गाडीची अवस्था कोणती, हत्यारे व सामान कोणते, आणि मग एकेक पायरी. पीटर आश्वांडेन यांची रेखाचित्रे इंजिनाचे सुटे भाग असे मांडतात की थट्टा आणि बारकावा एकाच रेषेत नांदतात. सुरुवातीच्या आवृत्त्यांची बांधणी तारेच्या वेटोळ्याची आहे. त्यामुळे गाडीखाली निजलेल्या माणसाशेजारी पुस्तक उघडे राहते. लेखकाने वाचकाची सोय किती पाहिली, याची ही लहानशी पण बोलकी खूण होय.

आता युक्त्यांकडे वळू. या पुस्तकाने आणि त्याच्या आधाराने वाढलेल्या परंपरेने जपलेल्या अनेक युक्त्यांपैकी तीनच घेतो. पहिली दिव्याची. इंजिनातील ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. तो क्षण पकडण्यासाठी कारखान्यात महाग उपकरणे असतात. येथे गाडीच्या बॅटरीला साजेसा एक लहान बल्ब आणि दोन तारा पुरतात. एक तार कॉइलच्या पॉइंटकडील टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी, किल्ली फिरवून ठेवावी आणि पुली हाताने हळूहळू फिरवावी. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. त्या क्षणी पुलीवरील खूण आपल्या जागी आली नसेल, तर डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून जुळवावा.

दुसरी युक्ती रंगाच्या ठिपक्याची. झडपांची फट, म्हणजे आपल्याकडील मिस्त्री ज्याला टॅपेट म्हणतात ती, इंजिन पूर्ण थंड असताना बहुतेक बीटल गाड्यांत 0.15 मिलिमीटर ठेवतात. हे काम चारही सिलिंडरांवर क्रमाने करावयाचे असते. पुलीवर कारखान्याची खूण असते. तिच्या बरोबर समोर आपण एक ठिपका द्यावा. पहिले सिलिंडर जुळवून झाले की पुली उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावी. दुसरे हाती येते. पुन्हा अर्धा फेरा, तिसरे. आणखी अर्धा, चौथे. इंजिनातील ठिणग्यांचा क्रम एक-चार-तीन-दोन असल्याने उलट फिरवताच सरळ मोजणी मिळते. नवशिक्याच्या डोक्यावरचा केवढा भार एका ठिपक्याने उतरतो!

तिसरी युक्ती मागच्या चाकाच्या आसावरील नटाची. तो आवळावा लागतो सुमारे 30 किलोग्राम-मीटर इतक्या जोराने, आणि एवढा जोर मोजणारा पाना सामान्य माणसाजवळ नसतो. परंतु मजबूत दांडा आणि त्यावर चढवलेला लोखंडी नळ असतो, आणि स्वतःचे वजन तर असतेच. चाके जमिनीवर टेकलेली, गाडी पक्की अडवलेली, दांडा आडवा. साठ किलो वजनाच्या माणसाने नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर सावकाश भार दिला की हिशेब पुरा होतो. खिळीचे छिद्र जुळत नसेल, तर नट थोडा पुढे आवळावा. मागे सैल कदापि करू नये.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. बल्ब, ठिपका, नळ या वस्तू क्षुल्लक आहेत. पण त्यांनी साधलेली गोष्ट क्षुल्लक नाही. प्रत्येक युक्ती गरिबाच्या हाती माप देते. हल्ली ‘जुगाड’ या शब्दाचे कौतुक फार ऐकू येते, आणि त्यात पुष्कळदा माप चुकवण्याचेच कौतुक असते: फ्यूज उडाला, घाला तार, नट सैल झाला, गुंडाळा चिंधी. असली युक्ती दोष झाकते, आणि झाकलेला दोष घाटात किंवा रात्री-बेरात्री आपला हिशेब मागतो. हा भेद आमच्या वाचकांना अपरिचित नसावा. देवमूर्ती घडवणारा शिल्पी ताल आणि अंगुळे यांच्या मानाने चालतो. त्याची छिन्नी साधी असेल, मापाची दोरी घरी वळलेली असेल; मान चुकलेले मात्र चालत नाही. साधन घरचे असण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मान सोडण्यात.

रॉबर्ट पर्सिग यांच्या 1974 साली निघालेल्या ‘झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या कादंबरीवजा ग्रंथात हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. काही काळ काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकलेल्या या लेखकाने एक मार्मिक प्रसंग रंगविला आहे. मित्राच्या महागड्या मोटारसायकलचे हँडल सैल पडते. निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून तेथे बसवण्याचे सुचवितो. मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. एकाला डबा दिसतो, दुसऱ्याला हव्या त्या जाडीचा, मऊ आणि न गंजणारा धातू. पर्सिग या प्रसंगातून तत्त्वचिंतनाकडे जातात. म्यूर गाडीखालीच राहतात. चिंतनाची खोली पर्सिग यांच्याकडे अधिक, हे निर्विवाद. परंतु कामाला बसणाऱ्याच्या शेजारी म्यूरच बसतात.

आता दोष. म्यूर यांचा विनोद सर्वत्र सारखा पेलत नाही; त्या काळच्या अमेरिकन तरुणाईची लकब काही पानांवर आज शिळी वाटते. गाडीच्या ‘कर्मा’विषयी ते बोलतात, तेव्हा आपला शब्द परका वेश घालून आल्यासारखा भासतो. तरीही त्या सैल वापरात तथ्य नाही असे नाही. नट जेवढा आवळला तेवढाच धरतो, हे कर्मफळाचे रोखठोक रूपच म्हणायचे. त्याहून गंभीर मर्यादा दुसरी आहे. स्वतःच्या हाताने इंजिन उघडण्याची धिटाई तारतम्याविना आली, तर काय होते, याचे उदाहरण बीटलच्या हौशी दुरुस्तीकारांनीच घालून दिले. इंजिन लवकर गरम व्हावे म्हणून वाऱ्याचा ओघ आवरणारा थर्मोस्टॅट या गाडीत असतो. तो बिघडला तर इंजिन तापेल, या भीतीने अनेकांनी तो काढूनच टाकला. परिणाम असा की इंजिन दीर्घकाळ थंड राहते, पेट्रोल पुरते जळत नाही, आणि झीज वाढते. हे पुन्हा माप टाकून देणेच झाले. शिवाय हाताची जाण कोणतेही पुस्तक पुरती देऊ शकत नाही. प्लगचा शेवटचा पाव वेढा किती घ्यावा, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली असता कोणता ठोका साधा आणि कोणता आजाराचा, हे उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच कळते.

म्हणूनच हे पुस्तक मिटताना मन आपल्या मुलखाकडे वळते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट व पद्मिनी गाड्या मिस्त्रींच्या कैक पिढ्यांनी चालत्या ठेवल्या. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर नाहीशी झाली. ती जाणणारे हात आता म्हातारे होत आहेत. खंडेनवमीस आपण पान्यांना आणि हातोड्यांना गंधफूल वाहतो, गाडीला झेंडूची माळ घालतो. ही पूजा मनोभावे होते, यात शंका नाही. परंतु हत्याराची पूजा करावी आणि ते चालवणाऱ्याची विद्या त्याच्यासवे चितेवर जाऊ द्यावी, ही अर्धीच भक्ती होय. एखाद्या वृद्ध मिस्त्रीजवळ कोणी तरुणाने वही घेऊन बसावे, त्याच्या युक्त्या मापांसह मराठीत वा कोकणीत उतरवाव्यात, चुकलेल्या युक्त्याही न लपवता लिहाव्यात. म्यूर यांच्या पुस्तकाचे सर्वांत मोठे श्रेय आमच्या मते हेच की, असे लेखन करता येते, ते रसाळ होऊ शकते आणि लोक ते हाताशी ठेवतात, हे त्याने सिद्ध केले. गाडी असो वा नसो, ते अवश्य वाचावे.