संगणकीय तक्त्यांतील शेकडेवारी : मूल्य आणि रूप

सामाजिक शास्त्रांतील लघुप्रबंध व शोधनिबंध वाचताना एक बाब वारंवार खटकते. तक्त्यात शेकडेवारी असते, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. परंतु ती कशातून निघाली, हे तक्ता सांगत नाही. याचे एक कारण संख्याशास्त्रीय संगणकप्रणालींच्या वापरात आढळते.

प्रणालीने काढलेले मूल्य आणि पडद्यावर दिसणारे त्याचे रूप या भिन्न गोष्टी होत. एक्सेलमध्ये ०.३७५ या मूल्यास टक्केवारीचे रूप दिले की ३७.५% दिसते, सेलमध्ये मात्र ०.३७५ हेच मूल्य राहते. सॅसमधील 'पर्सेंट' हे रूपही शंभराने गुणूनच दाखवते, फक्त ऋण मूल्य वजाचिन्हाऐवजी कंसात येते. एसपीएसएसमधील 'पीसीटी' मात्र गुणाकार करीत नाही, केवळ चिन्ह जोडते. तेच मूल्य तेथे एका दशांश स्थळापर्यंत ०.४% असे दिसेल. एका प्रणालीची सवय दुसरीत नेणारा संशोधक येथे शंभर पटींनी चुकतो.

'आर'मधील अडचण निराळी आहे. 'स्केल्स' संचातील 'पर्सेंट' हे फलन अंकाचे रूपांतर मजकुरात करते. मग त्या स्तंभाची सरासरी निघत नाही, आणि चढता क्रम लावल्यास १००.०% हे ९.५% च्या आधी येते. सर्व आकडेमोड संपल्यावरच रूप द्यावे, हा साधा नियम पाठ्यक्रमात क्वचितच शिकविला जातो.

अधिक गंभीर हानी छेद हरवल्याने होते. समजा, एका वर्गातील २० पैकी १० आणि दुसऱ्यातील २०० पैकी १६० विद्यार्थी उत्तीर्ण झाले. तक्त्यात ५०% व ८०% एवढेच उरले, तर वाचक सरासरी ६५% धरील. प्रत्यक्षात निकाल ७७.३% आहे. एसपीएसएस 'पर्सेंट' आणि 'व्हॅलिड पर्सेंट' असे दोन स्तंभ देते. दुसऱ्यात उत्तर न देणारे वगळलेले असतात. त्यांपैकी कोणता स्तंभ उतरवला, हे अनेक प्रबंधांत लिहिलेलेच नसते.

दशांश स्थळांचा हव्यास तर अनाकलनीय आहे. पन्नास उत्तरदात्यांच्या नमुन्यात प्रत्येक व्यक्ती २% असते, तेथे ३४.००% लिहून कोणती अचूकता साधते? '५० पैकी १७ (३४%)' असे लिहिल्यास परीक्षकाला पडताळणी करता येते, आणि कदाचित त्यामुळेच ते टाळले जात असावे.