धक्क्यावर संपणारी नोंदवही

बंदराच्या प्रदूषणावर शाळाशाळांतून जी भित्तिपत्रके होतात, त्यांत गुन्हेगार आधीच ठरलेला असतो : जहाज. आम्हांला हे चित्र अपुरे वाटते. महाड-पोलादपूरच्या शिक्षकांनी तरी ते जसेच्या तसे स्वीकारू नये.

जहाजांसाठी 'मार्पोल' हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये झाला. १९७८ मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. त्यानुसार किनाऱ्यापासून कितीही दूर असले तरी प्लॅस्टिक समुद्रात टाकता येत नाही. इंजिनाच्या खोलीत तळाशी साचणारे तेलकट पाणी सोडायचे, तर त्यात दहा लाख भागांमागे तेल १५ भागांहून अधिक चालत नाही. जे सोडता येत नाही, ते बंदरात उतरवायचे. मोठ्या जहाजांवर कचऱ्याची नोंदवही असते. तीत तारीख, वेळ, ठिकाण, कचऱ्याचा प्रकार, अंदाजे घनमीटर आणि अधिकाऱ्याची सही असते. ही शिस्त वाखाणण्याजोगी आहे.

उणीव पुढे आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालू आहे. अशा बंदरात कचरा उतरवून पावती घेतली, की जहाजाची वही मिटते. कचरा मात्र नाहीसा होत नाही. त्याचा फक्त पत्ता बदलतो. समुद्राचा प्रश्न आता जमिनीचा होतो.

आणि जमिनीचा प्रश्न पुन्हा समुद्राकडे जातो, तो नदीतून. सावित्री महाबळेश्वराहून उतरते आणि पोलादपूर, महाड, दासगाव करत बाणकोटजवळ समुद्राला मिळते. एके काळी या खाडीतून महाडपर्यंत गलबते येत. जुलै २०२१ सारखा पूर आला, की काठावरचे सारे त्याच वाटेने खाली जाते. जहाजावरून प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात पडली, तर तिचा जाब विचारता येतो. तशीच पिशवी पोलादपूरच्या ओढ्यातून बाणकोटला पोहोचली, तर तिची नोंद कोणाच्याच वहीत नसते. समुद्राला दोन्ही सारख्याच.

म्हणून आमची सूचना अशी : भित्तिपत्रकाऐवजी विद्यार्थ्यांनी आठवडाभर शाळेच्या कचऱ्याची वही ठेवावी. रकाने जहाजाचेच घ्यावेत. फक्त शेवटी एक वाढवावा, 'पुढे कोठे गेले?' हा रकाना भरताना मुले अडतील. तेथेच खरा पाठ सुरू होतो.