तारा पुसलेले गाव

महाराष्ट्रातल्या कुठल्याही वार्षिक चित्रप्रदर्शनात जलरंगांच्या दालनात शिरावे, तर एकच गाव पुन्हा पुन्हा भेटते. वाड्याचा अर्धवट उघडा दिंडी दरवाजा, भिंतीवर पडलेली तिरपी उन्हे, ओल्या रस्त्यात छत्रीचे प्रतिबिंब, नाही तर मेणवलीचा घाट. हात तयार आहे, कागदाचा पांढरा राखण्याची समज आहे, ओल्यावर ओला रंग सोडण्याचे धाडसही आहे. पण या गावात विजेची तार नाही. मोटारसायकल नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स नाही, गच्चीवरची काळी टाकी नाही, इमारतीच्या मागच्या अंगाने उतरणारे पाइप नाहीत. चित्रकार जिथे बसून चित्र काढतो तिथून हे सगळे दिसत असते. तो ते गाळतो. हे गाळणे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यालाच सौंदर्यदृष्टी म्हटले जाते, आणि माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.

निवड तर प्रत्येक चित्रकार करतो, असे यावर कुणी म्हणेल. खरेच आहे. पण रचनेसाठी केलेली निवड चित्रागणिक बदलते. इथे मात्र दर वेळी त्याच वस्तू जातात, आणि त्या सगळ्या गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या असतात. ही रचनेची गरज नव्हे, हा काळाला दिलेला नकार आहे. त्याच्या समर्थनार्थ परंपरेचे नाव घेतले जाते तेव्हा तर नवल वाटते. ल. ना. तासकरांनी देवळांच्या आवारातली आणि बाजारातली माणसे रंगवली, ती त्यांच्या समोरची होती; त्यांची पागोटी आणि लुगडी हा त्या दिवसांचा रोजचा पेहराव होता. आबालाल रहिमानांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थाचा परिसर रंगवला, तो त्यांच्या रोजच्या पाहण्यातला म्हणून. रझांची चाळिशीच्या दशकातली मुंबईची जलरंगचित्रे पाहा: फ्लोरा फाउंटनची वर्दळ, पावसात भिजलेले रस्ते, सगळे त्या क्षणाचे. त्यांची शैली उचलायची आणि त्यांचे वर्तमानाकडे पाहणे सोडून द्यायचे, याला वारसा म्हणता येत नाही. वाडे पडत चालले आहेत, निदान कागदावर तरी राहू द्या, हा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. पण नोंदच करायची तर वाड्याच्या खांबाला अडकवलेला मीटरचा डबा आणि चौकात लावलेली स्कूटरही नोंदवावी लागेल. पडत्या वाड्याचे खरे चित्र अजून फार थोड्यांनी काढले आहे.

या पार्श्वभूमीवर सुधीर पटवर्धनांच्या कामाकडे पुन्हा जावेसे वाटते, आणि जावे तितके ते मोठे होत जाते. 1949 साली पुण्यात जन्म, तिथेच वैद्यकाचे शिक्षण, मग 1975 ते 2005 अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. हा तपशील सर्वांना ठाऊक आहे. 1981च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात खख्खर, शेख, सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्यासोबत ते होते, हेही. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे ते ठाणे. मुंबईला स्वतःची मिथके आहेत, पुण्याला इतिहासाचा अभिमान आहे. ठाण्याकडे तेव्हा चित्रकाराला देण्यासारखे यातले काहीच नव्हते: खाडी, डोंगराचा उतार, कारखाने, बांधकामे आणि सकाळ-संध्याकाळ लोकल पकडणारी माणसे. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) आणि ‘ट्रेन’ (1980) यांत पटवर्धन या माणसांच्या शरीरांपाशी थांबले. खांद्याचा भार, मानेचा ताठरपणा, गर्दीतही एकेकट्याने सांभाळलेली जागा, हे सगळे त्यांनी पूर्वी देवदेवतांना मिळायचा तसा पूर्ण आकार देऊन रंगवले. पुढे ‘टाउन’ (1984), ‘पोखरण’, ‘उल्हासनगर’ आणि ‘लोअर परळ’ (2001) या चित्रांत माणसाभोवतीची जागाच बोलू लागली. एकाच चित्रात नजरेचे अनेक बिंदू असतात. रस्ता एका उंचीवरून दिसतो, त्याच्या कडेची इमारत दुसऱ्या. असल्या गावात चालताना आपल्यालाही ते तुकड्यातुकड्यांनीच दिसते, कारण तिथे कुणी राजरस्ता आखलेला नाही. पटवर्धनांनी त्या बेशिस्त वाढीतून रचनेचे तत्त्व काढले. गिलावा न केलेल्या विटांचा तांबडा, पावसाने भिंतींवर चढवलेले काळे ओघळ, पत्र्याचा करडा आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा निळा, हा आपल्या गावांचा खरा रंगपट आहे. तो कॅनव्हासवर किती भारदस्त दिसू शकतो हे या कामाने दाखवून दिले.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की गैरसोय आणि दारिद्र्य यांत सौंदर्य शोधणे हा सुखवस्तू माणसाचा शौक आहे. तुंबलेल्या नाल्याकाठी राहणाऱ्याला नाल्याचे चित्र नको, गटार हवे. गटार हवेच. पण या आक्षेपात एक गृहीत लपलेले आहे: सुंदर म्हटले की समाधान मानले. पटवर्धनांच्या ‘लोअर परळ’मध्ये गिरण्यांची धुराडी आणि नव्या इमारती एकाच चौकटीत आहेत. ते चित्र सुंदर आहे, म्हणूनच त्यातला अन्याय डोळ्यांआड करता येत नाही. जी जागा नीट पाहण्यासारखी आहे असे आपण मानतो, तिच्यावर बुलडोझर फिरला तर विचारणारे कुणी उरते. उलट झोपडपट्टीच्या भिंतींना बाहेरून गुलाबी-पिवळे रंग फासण्याच्या मोहिमा गावाकडे न पाहता गाव झाकतात. त्यांना कला म्हणण्याचे कारण नाही. ड्रोनने टिपलेली शहरे आणि छत्र्या-सावल्यांची स्ट्रीट फोटोग्राफी यांवर याहून अधिक शब्द खर्चावेत असे मला वाटत नाही.

उत्साह वाटावा असे मात्र थोडे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीच्या प्रभाकर पाचपुते यांनी कोळशाच्या खाणीचा प्रदेश कोळशानेच रेखाटला, आणि ज्या भूभागाला कुणी निसर्गदृश्य म्हटले नसते त्याला जगभरच्या दालनांत जागा मिळवून दिली. चित्रपटात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (2014) कॅमेरा स्थिर ठेवून सरकारी वकीलबाईंचा घरी परतण्याचा प्रवास इतक्या सबुरीने पाहिला की त्यात काहीच घडत नसूनही नजर हलत नाही. साहित्याने तर हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. ‘वासूनाका’ 1965चे, ‘गोलपिठा’ 1972चा. ही पुस्तके वाचलेला मराठी वाचक चित्रप्रदर्शनात गेला की घाट आणि वाडा मागतो, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

या विसंगतीची मुळे रुचीपेक्षा खोल आहेत. चित्रातून जे पुसले जाते ते कुणाचे असते, हे पाहायला हवे. पत्र्याची शेड, टपरी, हातगाडी, वस्तीची दाटी: गावात मागाहून आलेल्यांच्या, किंवा आधीपासून असून कधीच न मोजलेल्यांच्या या खुणा आहेत. उरतो तो वाडा, मूठभरांच्या मालकीचा. जे गाव वाड्यावाल्यांचे होते तेवढेच सुंदर, असे ही चित्रे न बोलता सांगतात, आणि दर वर्षी पारितोषिके देऊन आपण त्यावर शिक्का मारतो. बाजार हेच मागतो, दिवाणखान्यात टाकीचे चित्र कोण लावणार, असे चित्रकार म्हणतात. पण खख्खरांनी 1972 साली बडोद्यातले घड्याळ दुरुस्तीचे दुकान रंगवले तेव्हाही त्याला कुणी मागणी नोंदवली नव्हती. मागणी चित्रानंतर तयार होते, ती तयार होण्याइतके दिवस चित्रकाराला उभे राहावे लागते.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. तिथे तेरा-चौदा वर्षांची मुले आठवडी बाजार आणि बसस्थानक काढतात, फलकांसकट, गर्दीसकट. त्याच मुलांना पुढे कला महाविद्यालय सहलीला घाटावर नेते आणि डोळे मिटायला शिकवते. भुसावळचे रेल्वे यार्ड, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेड, मालेगावच्या गल्ल्या यांचे चित्रण आपल्याकडे जवळजवळ नाही. या गावांतूनच आलेले विद्यार्थी वर्गात बसलेले आहेत. कलाशिक्षकांना माझी विनंती आहे, या वर्षीची एक सहल रद्द करावी, विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या एसटी स्टँडसमोर दिवसभर बसवावे, आणि समोर दिसणारी एकही तार पुसू देऊ नये.