ओवी, निवेदन आणि ग्रंथालयाचे कपाट : 'ख्रिस्तपुराणा'च्या संदर्भवापराची चिकित्सा

मराठी भाषेच्या थोरवीवर लिहिलेल्या शोधनिबंधात फादर स्टीफन्सच्या ओव्या नाहीत असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्या पाठ्यपुस्तकातून किंवा वाङ्मयेतिहासातून उचललेल्या असतात. तळटीप मात्र थेट 'ख्रिस्तपुराणा'ची असते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो ग्रंथ असूनही उघडला गेलेला नाही, हे पुढच्या वाक्यातच कळते. कारण या ओव्यांवरून निबंधकार लगेच असा निष्कर्ष काढतो की, सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्याच्या सामान्य जनतेची भाषा मराठी होती. काही निबंधांत नेमके उलट असते. स्टीफन्सने कोकणीचे व्याकरण लिहिले, म्हणून मराठीची स्तुती ही केवळ कविसंकेताची बाब ठरवली जाते. दोन्ही निष्कर्षांना ग्रंथालयातील तेच पुस्तक पुरेसे उत्तर देते.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये तेथेच वारला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे पुराण 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. बहुचर्चित ओव्या 'पैल्या पुराणा'च्या पहिल्याच अवस्वरात आहेत. परंतु त्यांच्याही आधी ग्रंथारंभी स्टीफन्सचे एक छोटे गद्य निवेदन आहे. त्यात तो सांगतो की, परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास या देशातील भाषांत मराठी योग्य वाटली, म्हणून ग्रंथ मराठीत लिहिला. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना समजत नाही, म्हणून जुन्या कवींची अवघड वचने टाळली आणि ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले.

हे निवेदन वाचल्यावर ओव्यांचा अर्थ बदलतो. रत्नांत हिरा म्हणून ज्या भाषेचा गौरव केला आहे, ती स्टीफन्सच्या दृष्टीने काव्याची व धर्मनिरूपणाची भाषा आहे. श्रोत्यांपैकी अनेकांना तिचे शुद्ध रूप कळत नाही, हे तो स्वतःच मान्य करतो. तेव्हा या ओव्या लोकभाषेचा पुरावा म्हणून देता येत नाहीत. दुसऱ्या बाजूने, मराठीची निवड त्याने जाणीवपूर्वक केली आणि तिचे कारणही दिले. त्यामुळे ती केवळ संकेत म्हणून बाजूला सारता येत नाही. गोव्यात मराठी-कोकणीचा प्रश्न ज्या तीव्रतेने लढला गेला, तो पाहता अर्ध्या पानाचे हे निवेदन वगळणे ही किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

'ब्राह्मणांची भाषा' म्हणजे कोणती, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही. ते स्टीफन्सच्याच दुसऱ्या एका पुस्तकाच्या शीर्षकात आहे. 1622 मध्ये रायतूरला छापलेल्या त्याच्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीच्या पोर्तुगीज शीर्षकात 'लिंग्वा ब्रामाना कानारी' असा भाषेचा उल्लेख येतो आणि ती प्रश्नोत्तरी कोकणीत आहे. 1640 मध्ये निघालेल्या व्याकरणाच्या शीर्षकातही 'कानारी' हाच शब्द आहे. गोव्यातील या मुद्रणाचा इतिहास अ. का. प्रियोळकरांच्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' या 1958 च्या ग्रंथात मिळतो. अनेक जुन्या महाविद्यालयांत तो आहे, पण मराठी साहित्याच्या कपाटात नाही. ड्यूई पद्धतीप्रमाणे तो मुद्रणाच्या वर्गांकाखाली, 655 किंवा 686.2 येथे, तंत्रविद्येच्या पुस्तकांशेजारी उभा असतो. 891.46 च्या रांगेपुढे उभे राहून शोधणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

हा दोष ग्रंथपालाचा नव्हे. एका पुस्तकाला एकच जागा देता येते, आणि म्हणूनच विषयसूची असते. शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम' काव्य म्हणून 891.461, हिंदू धर्मपरंपरेतील ग्रंथ म्हणून 294.5 किंवा कवीचा धर्म पाहून 297, अशा तिन्ही ठिकाणी जाऊ शकतो. रा. चिं. ढेरे यांच्या 1967 च्या 'मुसलमान मराठी संतकवि' या पुस्तकाचीही तीच गत. अशा कवींवर 'साधने उपलब्ध नाहीत' हे प्रबंधातील ठरावीक वाक्य लिहिण्यापूर्वी तीनही ठिकाणी जाऊन पाहणे एवढीच अपेक्षा आहे. संगणकीय सूचीत तर नावाचाच घोळ असतो. स्टीफन्स, स्टीफन, इस्तेवांव; ख्रिस्तपुराण, क्रिस्तपुराण; त्यात नोंद करणाऱ्याने रोमन अक्षरे वापरली असतील तर आणखी चार रूपे. जुनी दाखल नोंदवही चाळणे कंटाळवाणे असते, पण तिथे पुस्तक सापडते.

आवृत्तीचा मुद्दा मात्र अधिक गंभीर आहे. 'ख्रिस्तपुराणा'च्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरहून काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली आणि रोमन लिपीतच आहे. शांताराम बंडेलू यांची 1956 ची पुण्याची आवृत्ती देवनागरीत आली आणि मराठी प्राध्यापकाच्या हाती सामान्यतः तीच पडते. रोमनमधून देवनागरीत येताना ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, मूर्धन्य-दंत्य वर्ण यांचे निर्णय संपादकाला घ्यावे लागतात. तेव्हा 1956 च्या पाठावरून स्टीफन्सच्या उच्चारांवर किंवा प्रत्ययांवर विधान करणारा निबंध वस्तुतः काही अंशी संपादकाच्या निर्णयांवर विधान करीत असतो. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित आहे. त्याची शब्दयोजना अधिक संस्कृतप्रचुर आहे आणि मूळ पाठ कोणता यावर अभ्यासकांत मतभेद झाले. पुढे 1996 मध्ये कॅरिदाद द्रागो यांचीही आवृत्ती आली. साहित्याच्या आशयाविषयी लिहिणाऱ्याला यांपैकी कोणतीही चालेल. भाषेविषयी लिहिणाऱ्याने मात्र कोणती वापरली ते सांगायलाच हवे, आणि 'मूळ ग्रंथ, 1616' अशी तळटीप तर देताच येणार नाही.

'शोधगंगा'मुळे एकमेकांचे प्रबंध वाचणे सोपे झाले, ही इष्ट गोष्ट. पण एका प्रबंधातील तळटीप दुसऱ्यात जशीच्या तशी उतरण्याचा वेगही त्यामुळे वाढला. मार्गदर्शकांनी याकडे डोळेझाक केली आहे असे म्हणणे कटू वाटेल, तरी पृष्ठक्रमांकासह मूळ पान दाखवा असे विद्यार्थ्याला विचारणारे मार्गदर्शक थोडेच आहेत. त्यात ग्रंथालयांच्या एका रिवाजाची भर पडते. दुर्मीळ पुस्तक घरी देत नाहीत, म्हणून विद्यार्थी हव्या त्या पानाची झेरॉक्स काढून नेतो. ओवीचे पान जाते, निवेदनाचे पान राहते. बंडेलू किंवा साल्ढाणा ज्या महाविद्यालयात नाहीत, त्यांच्यासाठी पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि पर्वरीचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र आहे. बेळगावहून सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारी तेथील टेबलावर बसता येते. ग्रंथपालांचे पत्र मात्र सोबत असावे.