निवडून देणारा मित्र

दिल्ली आणि तिला लागून असलेल्या गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद, गाझियाबाद या पट्ट्यात आज जितके उत्तम कॅमेरे हौशी माणसांच्या हातात आहेत, तितके पूर्वी कधी नव्हते. चांदणी चौकातल्या कूचा चौधरी मार्केटला सगळे नुसतं ‘फोटो मार्केट’ म्हणतात. तिथे एखाद्या दुपारी उभं राहावं. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची मुलं सेकंडहँड लेन्स उजेडाकडे धरून बुरशीचा डाग शोधताना दिसतात, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी गिऱ्हाईक आपण होऊन सल्ला देतो. हा मोकळेपणा इथल्या हौशी मंडळींत सगळीकडे आहे. नवख्याला पहाटे घरून गाडीत घेऊन पक्षी टिपायला सुलतानपूरला नेतील, आपली टेली लेन्स तासभर त्याच्या हातात देतील, पाखरू कुठल्या झाडावर बसतं तेही सांगतील. मला हा जिव्हाळा भरपूर मिळाला आहे आणि त्याचं मोल मी जाणतो. तरीही दिल्लीतल्या हौशी छायाचित्रणाची आजची स्थिती मला काळजीची वाटते. या जिव्हाळ्यात स्तुती उदंड आहे. पण दुसऱ्याच्या ढिगातून एक चित्र उचलून ‘हे ठेव, बाकीची सोड’ असं सांगणारं कोणी उरलेलं नाही.

हिवाळ्यात काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर कुरव येतात, म्हणजे सीगल. धुकं, त्यात एक होडी, नावाड्याने शेव उधळली की आकाशभर पांढरे पंख. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा श्वास अडावा असंच ते दृश्य आहे. पण डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण तेच चित्र घरी नेतो. प्रत्येकाला ‘क्या बात है’ ऐकायला मिळतं. शेव खाऊन त्या पाखरांचं काय होतं, हा प्रश्न तर दूरच. हे चित्र कालच्या चित्रापेक्षा वेगळं कशात आहे, एवढंही कोणी विचारत नाही. कालिंदी कुंजला याहून वाईट घडतं. ओखला बंधाऱ्याखाली नदीच्या पाण्यावर फेस दाटतो. प्रक्रिया न झालेलं सांडपाणी, त्यातले डिटर्जंटचे अंश, आणि बंधाऱ्यावरून पडताना पाण्याची होणारी घुसळण ही त्याची कारणं. छठ पूजेला बायका त्या फेसात कंबरेपर्यंत उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देतात. हे चित्र काढावं, जरूर काढावं. पण मऊ उजेडात तो फेस ढगांसारखा दिसला म्हणून ‘स्वप्नवत’ अशी दाद मिळते, तेव्हा काढणाराही फसतो आणि दाद देणाराही. तिथे खऱ्या मित्राचं काम एवढंच, की दहांतलं ते चित्र शोधावं ज्यात फेस हा फेसच दिसतो.

असा मित्र काय करू शकतो, याचं उदाहरण दिल्लीच्याच इतिहासात आहे. एस. पॉल (1929–2017) हे दिल्लीतले नामांकित वृत्तपत्र छायाचित्रकार. त्यांचा धाकटा भाऊ सिव्हिल इंजिनियर होता आणि नोकरीत रमत नव्हता. थोरल्याने कॅमेरा दिला. धाकटा एका खेड्यात गेला आणि गाढवाच्या पिल्लाचा फोटो घेऊन आला. पॉल यांनी तो लंडनच्या ‘टाइम्स’कडे पाठवला आणि तो छापून आला. धाकट्याचं नाव रघू राय. पुढे ते ‘स्टेट्समन’ वृत्तपत्रात गेले, आणि 1977 साली फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचं नाव मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी सुचवलं. रघू राय यांनी हा किस्सा अनेकदा सांगितला आहे, आणि ऐकणारे त्यातलं गाढव लक्षात ठेवतात. मला त्यात थोरला भाऊ महत्त्वाचा वाटतो. छान म्हणून पाठ थोपटून तो थांबला असता तर कोणी त्याला नावं ठेवली नसती. त्याने धाकट्याच्या गंमतीतल्या उद्योगातली एक चौकट गंभीरपणे घेतली आणि ती अनोळखी, कठोर डोळ्यांपुढे ठेवली.

पूर्वी हे काम मंडळंही करत. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. हौशी माणसांनी आपली चित्रं चारचौघांपुढे मांडायची ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. दिल्लीत ती नेटाने चालवली ती ओ. पी. शर्मा यांनी, मॉडर्न स्कूल आणि त्रिवेणी कला संगममध्ये दीर्घकाळ शिकवून. 19 ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन रुजवण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या पिढीतले विद्यार्थी डार्करूममध्ये शिकले, आणि डार्करूममध्ये निवड टाळता येत नसे: कागद महाग, रसायन महाग, म्हणून छत्तीस चौकटींतल्या एक-दोनच मोठ्या होत. कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलने खूण करताना शेजारी कोणीतरी असे. आता मेमरी कार्डात हजार चौकटी मावतात आणि खूण करायला कोणी नसतं. सलॉन स्पर्धा अजून आहेत, पण तिथे परीक्षकापुढून चित्रं भराभर सरकतात, म्हणून चटकन डोळ्यांत भरणारं चित्र काढायची सवय लागते. मानचिन्हं जमतात, नजर तिथेच राहते.

एका क्षेत्रात मात्र देवाणघेवाण अजून निकोप आहे: पक्ष्यांच्या छायाचित्रणात. हरियाणाच्या शेतावरून तरंगत गेलेल्या मादी हॅरियरचा, म्हणजे एका शिकारी पक्ष्याचा, फोटो कोणी दाखवतो आणि ‘पॅलिड’ जातीची म्हणतो. दुसरा म्हणतो, मानेभोवतीची फिकट कडी नीट दिसत नाही, ही मॉन्टेग्यूज असेल. तिसरा पंखांची खालची बाजू मोठी करून बघतो. वाद होतो, पहिला आपलं मत बदलतो, कोणाचं मन दुखावत नाही. कारण इथे चित्राबाहेर एक खरा पक्षी आहे, त्याच्याशी चित्र ताडून पाहता येतं. ही परंपराही जुनी आहे. दिल्ली बर्डवॉचिंग सोसायटी 1950 साली सुरू झाली आणि तरुण इंदिरा गांधी तिच्या सभासद होत्या. पण त्याच माणसाने जामा मशिदीच्या पायऱ्यांवरचा म्हातारा किंवा खारी बावलीत मिरच्यांची पोती वाहणारा हमाल काढून आणला, की हेच मित्र मुके होतात. फार तर शटर स्पीड विचारतात. माणसाचं चित्रही ताडून पाहता येतं: हा हमाल थकलेला आहे की आपण त्याला थकवा चिकटवला? त्याने तुमच्याकडे पाहिलं का? पोत्याचं वजन दिसतं का? हे प्रश्न उद्धट नाहीत. हॅरियरच्या मानेइतक्याच बारकाईचे आहेत.

चित्रं भिंतीवर लागली की असे प्रश्न आपोआप उभे राहतात. 2011 साली इंडिया हॅबिटॅट सेंटरमध्ये पहिला दिल्ली फोटो फेस्टिव्हल भरला. प्रशांत पंजियार आणि दिनेश खन्ना यांच्या नझर फाउंडेशनचा तो उपक्रम होता. चित्रं मोकळ्या आवारात, कोणालाही फुकट पाहता येतील अशी लावलेली. कामाला जाणारी माणसं थांबून पाहत होती. 2013 आणि 2015 साली तो पुन्हा झाला, मग मालिका थांबली, आणि ही पोकळी मला फार जाणवते. 2019 साली गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांच्या प्रयत्नांतून म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय उभं राहिलं. जुने कॅमेरे पाहायला लोक जातात. तिथली प्रदर्शनाची दालनं हौशी मंडळींनी आणखी हक्काने मागायला हवीत.

त्या दालनांत काय लावावं, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. गुरुग्रामच्या पश्चिमेला बसईची पाणथळ होती. पाहुण्या पक्ष्यांसाठी नावाजलेली, हौशी छायाचित्रकारांच्या पिढ्यांनी तुडवलेली. भोवती वस्ती वाढली, रस्ते आले, बांधकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आला आणि पाणी आकसत गेलं. ग्रेटर नोएडाजवळच्या धनौरीत सारस अजून आहेत, पण तिथेही इमारती सरकत येत आहेत. या दोन जागांचे फोटो दिल्लीकरांकडे किती असतील याची गणती नाही. पण सगळे पक्ष्यांच्या नावाने लावून ठेवलेले. स्वच्छ पार्श्वभूमी म्हणजे चांगला फोटो, असं आपण एकमेकांना शिकवलं. म्हणून मागचा टॉवर, विजेची तार, डंपर कापून टाकले, आणि जे कापता आले नाहीत ते फोटो दाखवलेच नाहीत. वीस जणांनी आपल्या हार्ड डिस्क एकमेकांसमोर उघडाव्यात. प्रत्येकाने दुसऱ्याच्या साठ्यातून, स्वतःच्या नव्हे, अशा चौकटी काढाव्यात ज्यात पाखरू लहान आहे आणि पाण्याची कड दिसते. तारखा लावून त्या एका ओळीत मांडाव्यात. कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत होतं, क्रेन कधी आली, बेट कधी नाहीसं झालं, हे त्या ओळीत दिसेल. आणि असा पुरावा त्या जागांबद्दल दुसऱ्या कोणाकडे इतक्या तपशिलाने क्वचितच असेल. छपाईचा खर्च वीस जणांत वाटला तर एका लेन्सच्या किमतीचा लहानसा भागही होणार नाही. बसई आणि म्युझिओ कॅमेरा एकाच शहरात आहेत.