दोन लेन्स आणि एक तराजू

परीक्षणकर्त्याच्या हाती तराजू असतो. पारड्यात त्याने काय घातले आणि काय खालीच ठेवले, हे वाचकाला कळले तरच त्या तोलाला अर्थ राहतो. झाइसची ‘ओटस’ ५५ मि.मी. आणि सिग्माची ‘आर्ट’ ५० मि.मी. या दोन लेन्सची तुलना करणारे एक परीक्षण आमच्या वाचनात आले, तेव्हा हा विचार प्रकर्षाने मनात आला. परीक्षणाचा निष्कर्ष असा की, सिग्मा पाव किमतीत तेच चित्र देते. ओटस घेणे म्हणजे केवळ नावाची किंमत मोजणे.

निष्कर्ष तपासण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहू. ओटस २०१३ साली आली, तेव्हा तिची किंमत सुमारे चार हजार डॉलर होती. सिग्मा २०१४ साली साडेनऊशे डॉलरला मिळू लागली. या प्रकारच्या जुन्या लेन्समध्ये साधारणतः सात भिंगे असत. ओटसमध्ये बारा, तर सिग्मामध्ये तेरा आहेत. साहजिकच दोन्ही वजनदार आहेत. सिग्मा ८१५ ग्रॅमची आहे, तर ओटस किलोच्या घरात जाते.

परीक्षणकर्त्याने दोन्ही लेन्स तिपाईवर ठेवून, एकाच प्रकाशात, एकाच तक्त्याची छायाचित्रे घेतली. चित्राच्या मध्यभागी रेषांची सुस्पष्टता जवळजवळ सारखी आढळली, हे त्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. एवढ्या कमी किमतीत सिग्माने ही पातळी गाठली, याचे श्रेयही त्याने मोकळ्या मनाने दिले आहे.

मात्र सपाट तक्ता प्रत्येक दोष दाखवत नाही. लेन्स एफ १.४ वर पूर्ण उघडी असताना, फोकसच्या पुढे असलेल्या चकाकत्या कडांना जांभळी आणि मागच्या कडांना हिरवी झाक येते. पांढरा पोशाख, चांदीचे दागिने, मेणबत्तीची ज्योत अशा ठिकाणी ती विशेष खुपते. हा वर्णदोष जवळजवळ नाहीसा करणे हेच ओटसच्या रचनेचे मुख्य उद्दिष्ट होते; चार हजार डॉलरांतील मोठा वाटा त्यासाठीच होता. परीक्षणात त्याचा उल्लेखही नाही.

येथवर वाचून आम्ही झाइसची वकिली करीत आहोत, असे वाटेल. परंतु अन्याय सिग्मावरही झाला आहे. ओटसमध्ये ऑटोफोकस नाही. तिचे कडे हाताने फिरवावे लागते. एफ १.४ वर, एक मीटर अंतरावरून चेहरा टिपताना, जेमतेम तीन-चार सेंटीमीटर खोलीचा भाग सुस्पष्ट येतो. वधू चालत येत असताना हाताने अचूक फोकस साधणे सरावलेल्यालाही कठीण जाते. सिग्मामध्ये ऑटोफोकस आहे. तिपाईवरच्या तक्त्याला हलायचे नव्हते, म्हणून या सोयीचे मोल परीक्षणात शून्य ठरले. दोन्ही लेन्समध्ये जे समान तेच मोजले गेले. प्रत्येकीचे जे वेगळेपण ते तोलाबाहेर राहिले.

आणखी एक उणीव नमूद करणे आवश्यक आहे. परीक्षण प्रत्येकी एकाच लेन्सवर आधारलेले आहे. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन नगांतही थोडाफार फरक असतो. अमेरिकेतील रॉजर सिकाला यांनी एकाच लेन्सचे अनेक नग यंत्रावर तपासून हा फरक वारंवार दाखवून दिला आहे. प्रत्येक परीक्षणकर्त्याला ते शक्य नसते, हे आम्ही जाणतो. परंतु ‘मी एकच नग पाहिला’ हे एक वाक्य लिहिण्यास खर्च येत नाही.

हा वाद केवळ हौशी मंडळींचा नाही. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून पोट भरणारा एखादा तरुण कर्ज काढून लेन्स घेतो, तेव्हा अशाच परीक्षणावर विसंबतो. त्याने सिग्मा घ्यावी, असे आम्हांसही वाटते. परंतु ती ‘ओटसइतकीच’ आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या कामाला ऑटोफोकस अधिक उपयोगी आहे म्हणून. परीक्षणकर्त्याचा सल्ला बरोबर ठरला. त्याचे कारण मात्र त्याने चुकीचे दिले. उद्या हाच तरुण दागिन्यांची छायाचित्रे तिपाईवरून काढू लागला, तर तोच सल्ला त्याला चुकीच्या लेन्सकडे नेईल.